स्वागताध्यक्षांचे मनोगत



तुळजाभवानीच्या आणि तेरच्या गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात तुमचे मनापासून स्वागत! चर्चमधील स्त्रियांवरची परिषद धाराशिवात कशाला, असे काहींनी विचारले. जानेवारी 2020 मध्ये याच गावात फादर फ्रान्सिस दिब्रिटो मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. विरोध झाला, तरी संमेलन झाले. आमचे उत्तर एवढेच.

सप्टेंबर 2013 मध्ये आंध्रातल्या नंद्यालला पुष्पा ललिता बिशप झाल्या. चर्च ऑफ साउथ इंडियाच्या पहिल्या स्त्री बिशप. त्याआधी जवळपास तीस वर्षे त्या पाळक होत्या. बिशपपद म्हणजे नुसता मान नव्हे. पाळकांना दीक्षा, त्यांच्या नेमणुका, शाळा, मालमत्तेची भांडणे, सगळा प्रपंच गळ्यात पडतो. इंग्लंडच्या चर्चला पहिली स्त्री बिशप मिळाली ती जानेवारी 2015 मध्ये. म्हणजे नंद्याल सव्वा वर्षाने पुढे! हे आपण पुरेसे सांगत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 1970 मध्ये आपल्या नागपुरात स्थापन झाले खरे, पण तिथे हा मान व्हायलेट नायक यांच्या रूपाने ओडिशातल्या फुलबनीला मिळाला, तोही 2024 मध्ये.

मराठी माणसाला मात्र या गोष्टीची सुरुवात आणखी मागे शोधावी लागते. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला तो सप्टेंबर 1883 मध्ये, नंद्यालच्या आधी बरोबर 130 वर्षे. पुढे चेल्टनहॅमला त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईंनी पत्रातून खडसावले: माझी आई तरुणांना शिकवत असे, मीही शिकवले, वडिलांनी की पतीने कधी आडकाठी केली नाही, मग या इंग्रजांना काय झाले? अनंतशास्त्री डोंगऱ्यांची लेक ती, ऐकून घेणार थोडीच! बिशपांचे वजन कुणापुढे चालत नाही, हे त्या दिवशी त्यांनाही कळले असावे.

रमाबाईंची ही पत्रे छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. आज दुपारच्या सत्रात त्यांवर बोलणे व्हावे, अशी आमची विनंती आहे.

जेवणात कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे आहेत. व्यवस्थेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्या. चर्चेत मात्र कुणालाही सांभाळून घेऊ नका.