मोतीची राहिलेली माफी



मी कोलोरॅडोत सॉफ्टवेअरचं काम करते. पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी संगणकावर प्रसंग उभे करणं हा त्यातला एक भाग. पोलीस फाटकाशी उभा आहे, आतून कुत्रा भुंकत येतोय. आता काय करायचं?

तिथे २०१३ साली यासाठी कायदा झाला. कुत्र्यांशी गाठ पडू शकते अशा पोलिसांना त्यांचं वागणं ओळखण्याचं किमान ३ तासांचं प्रशिक्षण हवं, आणि शक्य असेल तेव्हा मालकाला कुत्रा आवरायची संधी द्यायला हवी. आधी फाटक वाजवा, मालकाला हाक मारा. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूशच असतो असं नाही. ताठ अंग आणि रोखलेली नजर बघा. पाठ फिरवून पळू नका.

‘पळू नका’ हे टाइप करताना आपला मोती आठवला. पाचवीत मधल्या सुट्टीत मी त्याला घाबरून पळाले, तो मागे धावला, मी खडीवर पडले. गुडघा फुटला. बाईंनी विचारलं तेव्हा मी ‘चावला’ म्हणाले. पोटात इंजेक्शनं घेतली, तरी खरं बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून मोती दिसला नाही. शिपाईकाका मात्र आठवडाभर त्याच्यासाठी भाकरी आणत होते.

हे आज पहिल्यांदाच सांगते आहे. काका आता नाहीत. आपल्या मुलांना एवढं तरी शिकवूया: कुत्रा अंगावर आला तर झाडासारखं स्तब्ध उभं राहायचं, आणि नंतर घडलं तेवढंच सांगायचं.