सोळा आणे आणि दहा पैसे



रावेत, पिंपरी, चाकण या पट्ट्यात आपली मुले संगणकाचे काम शोधतात. पडद्यावरचा आकडा वाचता आला की काम जमले, असा एक समज आहे. तो आकडा यंत्राच्या पोटात कसा ठेवलेला असतो, हे पाहणे मात्र फार थोड्यांना येते.

ज्येष्ठांना आणे आठवत असतील. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. अधेली, पावली, चवली, आणा, प्रत्येक वेळी निम्मे करत जायचे. संगणकाचा अपूर्णांकही असाच निम्म्यानिम्म्याने बनतो. त्यामुळे एक आणा त्याला अचूक लिहिता येतो, पण दहा पैसे, म्हणजे ०.१ रुपया, येत नाहीत. आपण एक तृतीयांश दशांशात लिहू लागलो तर ०.३३३ संपतच नाही, त्यातलाच हा प्रकार.

विद्यार्थ्यांनी हे स्वतः पाहावे. सी भाषेत फ्लोट जातीच्या चलाचे ३२ बिट असतात: १ चिन्हाचा, ८ घातांकाचे, २३ अपूर्णांकाचे. ही मांडणी १९८५ च्या आय-ट्रिपल-ई ७५४ या मानकाने ठरवली. ते बिट 'मेमकॉपी'ने ३२ बिटांच्या पूर्णांकात जसेच्या तसे उतरवावेत आणि सोळा-आधारी अंकांत छापावेत. नुसते पूर्णांकात रूपांतर केले तर ०.१ चे शून्य होईल. रस्ट भाषेत यासाठी 'टू-बिट्स' आहे. एक आणा '३डी८०००००' असा दिसतो, स्वच्छ. दहा पैसे '३डीसीसीसीसीसीडी' असे दिसतात. शेवटचा 'डी' म्हणजे यंत्राने जागा संपल्यावर केलेली तडजोड. खरी साठवलेली किंमत ०.१०००००००१४९ इतकी भरते.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते? आपल्या रावेतचेच उदाहरण घेऊ. पवनेवरील येथील बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवडचे पाणी उचलले जाते. समजा, एखाद्या मापकाच्या प्रोग्रॅममध्ये दर लिटरला १ मिळवत एकूण बेरीज फ्लोटमध्ये ठेवली. १,६७,७७,२१६ या आकड्यावर ती थांबेल. त्यापुढे १ मिळवला तरी बिट तसेच राहतात, कारण त्या १ ला जागाच उरत नाही. एवढे पाणी शहराला तासभरही पुरणार नाही. घंटा वाजणार नाही, यंत्र बिघडले असे कोणी म्हणणार नाही. पाणी वाहत राहील, आकडा तेवढा स्थिर. बिट पाहणाऱ्याला दोन मिनिटांत कारण सापडेल. दुसरा मापकच बदलत बसेल.

समरकंदच्या अल-काशीने १४२४ साली वर्तुळाचा परीघ काढताना आधी चूक किती चालेल ते ठरवले: विश्वाएवढ्या वर्तुळात घोड्याच्या केसाच्या जाडीपेक्षा कमी. मग त्या बेताने गणित केले. आज उलटे चालते.

म्हणून क्लासची फी भरण्यापूर्वी पालकांनी एवढे अवश्य विचारावे की, मुलाला किंवा मुलीला हे आतले शिकवणार, की केवळ पडद्यावरची बटणे? सी चा कंपायलर फुकट मिळतो, जुना संगणकही चालतो.

विद्यार्थ्यांनी आज घरी फ्लोटमध्ये ०.१ दहा वेळा मिळवून पाहावे. बहुतेक यंत्रांवर '३एफ८०००००' ऐवजी '३एफ८००००१' येईल. तो शेवटचा १ कितव्या बेरजेला शिरला, ते प्रत्येक पायरीचे बिट छापून शोधावे आणि वहीत मांडून आणावे.