चूल वेगळी होते तेव्हा

श्रोतेहो, एकत्र कुटुंबाची वाटणी अगदी रीतसर झाली, तरी त्या रात्री घरात कुणाच्या तरी घशाखाली घास उतरत नाही. राष्ट्रांचेही तसेच आहे.

ब्रिटन १९७३ साली युरोपीय समुदायात गेले. पुढे त्याचाच युरोपीय संघ झाला. २३ जून २०१६ रोजी जनतेचा कौल घेतला. शेकडा ५२ म्हणाले, बाहेर पडू. ४८ म्हणाले, राहू. स्कॉटलंडात तर राहू म्हणणारे ६२ होते. २९ जानेवारी २०२० ला ब्रुसेल्सच्या युरोपीय संसदेने फारकतीचा करार मंजूर केला, आणि सभासदांनी हातात हात धरून जुने स्कॉटिश निरोपगीत म्हटले. दोन दिवसांनी ब्रिटन बाहेर पडले.

कुणी म्हणेल, हे हरलेल्यांचे रडे! तसे नव्हे. निवडणूक हरली तर पुढची येते. इथे त्या वर्षाअखेर ब्रिटिश तरुणाचा फ्रान्सात, जर्मनीत परवान्यावाचून राहण्याचा, नोकरीचा हक्क गेला. उंबरठा न ओलांडता तो तिथे परका झाला.

कौल मानायचा, ही लोकशाहीची शिस्त. पण शिक्षकांनो, वर्गात एवढे जरूर सांगा : बहुमताने निर्णय ठरतो, दुःख कुणाचे खरे, हे ठरत नाही.