घंटा वाजली, पण शोध लागला का?

समजा, मिरकरवाड्यातल्या एखाद्या मुलाने दोन बांबूंना जुने जाळे ताणून बांधले, यष्ट्यांच्या उंचीवर त्याला भोक ठेवले आणि भोकामागे घंटा टांगली. गोलंदाजाचा नेम बरोबर बसला की घंटा वाजते. मुलगा विचारतो, "गुरुजी, ह्याचं पेटंट मिळेल का हो?" काय सांगाल?

कायदा प्रथम विचारतो, वस्तू नवी आहे का? हळदीने जखम भरते हे आपल्या आज्यांना ठाऊकच होते. तरी १९९५ साली अमेरिकेत त्याचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा ज्या संशोधन परिषदेचे प्रमुख होते, तिने जुने लिखित पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ साली ते रद्द झाले.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. वस्तू नवी असेल, पण त्या धंद्यातल्या जाणकाराला ती सहज सुचली असती का? मिर्झापूरच्या एका कारखान्याने लेथवर भांडे पक्के धरण्याच्या साधनाचे पेटंट १९५१ साली घेतले होते. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी ते रद्द केले, खंडपीठाने उचलून धरले. शेवटी १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ही केवळ कारखान्यातली सुधारणा, शोध नव्हे. पाहा, न्यायाधीशांचेही एकमत होत नाही!

ह्याचे कारण उघड आहे. कोड्याचे उत्तर कळले, की कोडे सोपेच वाटते. म्हणून निवाडा करताना आपण त्या शोधाच्या आदल्या दिवशी जाऊन उभे राहायचे, आणि तेव्हा ठाऊक असलेल्या गोष्टींवरूनच विचारायचे : हे सुचले असते का?

आपल्या मुलाच्या जाळ्यात जाळे चेंडू अडवते, घंटा वाजते. दोघांची कामे जुनीच. तेव्हा पेटंट मिळणे कठीण. पण चेंडूचा वेग मारून तो आपोआप गोलंदाजाच्या पायाशी परत आणणारी काही निराळी युक्ती त्याने जाळ्यात साधली असेल, आणि जाणकारालाही ती सुचण्यासारखी नसेल, तर गोष्ट वेगळी.

तेव्हा गुरुजी, "ह्यात काय विशेष!" असे चटकन म्हणू नका. आणि एक ध्यानात ठेवा बरं का : अर्ज आधी, शाळेचे प्रदर्शन नंतर. चारचौघांत आधीच मांडले, तर नवेपणाच जाण्याचा धोका असतो. पेटंट न मिळाले तरी मुलाचा नेम सुधारेल, हा लाभ काही थोडा नाही.