कानाचे यंत्र आणि ओल



आपला अहिल्यानगर जिल्हा म्हटला की लोकांना दुष्काळ आठवतो. पाथर्डी, जामखेड, पारनेर इकडे प्यायच्या पाण्याची ओरड, आणि मास्तर ओलीपासून यंत्र जपायला सांगतात, असे तुम्हाला वाटेल. पण याच जिल्ह्यात अकोले तालुका आहे. घाटघर, रतनवाडी, भंडारदरा या बाजूला आषाढ-श्रावणात पाऊस दिवसचे दिवस उघडत नाही. घोंगडी वाळत नाही, काडेपेटी पेटत नाही. तिथे कानामागचे एवढेसे यंत्र कसे टिकावे?

बरं, पाऊस नसला तरी घाम आहेच. उन्हात कांदा काढताना डोक्यावरचा घाम ओघळतो तो थेट कानामागे. घाम पावसाच्या पाण्याहून वाईट. त्यात मीठ असते. मिठाने खिळा गंजतो, तशा सेलच्या कप्प्यातल्या बारीक पट्ट्याही गंजतात.

यंत्राला बारीक भोके असतात. त्यांतून आवाज आत जातो, आत तो मोठा होतो आणि नळीतून, साच्यातून कानात पडतो. ही भोके बुजवली तर आवाज जाणार कुठून? म्हणून ओलीलाही वाट राहतेच. हल्ली काही यंत्रांवर ‘आयपी ६८’ असे लिहिलेले असते. म्हणजे ते धूळ आणि पाणी बरेच अडवते. पण ती परीक्षा साध्या पाण्यात घेतलेली असते. घाम, साबण, खोबरेल तेल यांची गोष्ट वेगळी. तसले यंत्र घालूनही विहिरीत पोहू नये.

आमच्या वस्तीवर एक म्हातारी आहे. तिला एका शिबिरात फुकट यंत्र मिळाले. ते ठेवायचे कसे, हे मात्र कुणी सांगितले नाही. यंत्र द्यायचे आणि दोन शब्द सांगायचे नाहीत, ही रीत मला पटत नाही. श्रावणात आवाज तुटू लागला, मग बंदच झाला. घरच्यांनी यंत्र फडक्यात बांधून फळीवर ठेवले. म्हातारी बोलेनाशी झाली. नातवंडे ओरडून दमली. सून काही सांगायची असली की हाताने खुणा करी. तीन महिन्यांनी यंत्र तपासायला नेले, तर आत काही बिघडले नव्हते. नळी कडक होऊन तिच्यात घाण आणि ओल अडकली होती. नवी नळी घातली, आणि म्हातारीला पुन्हा ऐकू आले.

नळीत पाणी येते कसे? भाताच्या पातेल्यावरचे झाकण आठवा. वाफ थंड झाकणाला लागते आणि थेंब होतात. कानातली ऊब दमट असते, बाहेरची नळी गार असते. तिथेही तसेच होते. नळी यंत्रापासून सुटी करावी आणि छोट्या रबरी फुग्याने हवा मारून थेंब काढावा. तोंडाने फुंकू नये, तोंडाची वाफच आत जाते. साचा साबणाच्या कोमट पाण्याने धुता येतो, पण यंत्रापासून वेगळा करूनच. पुरता वाळल्याशिवाय परत जोडू नये.

रात्री यंत्र कोरड्या फडक्याने पुसावे. सेल बाहेर काढावा, कप्पा उघडा ठेवावा. मग यंत्र घट्ट झाकणाच्या डबीत, सिलिका जेलच्या दाण्यांबरोबर ठेवावे. हे दाणे ओल ओढून घेतात. काही दाणे निळे असतात. ते गुलाबी झाले की समजावे, त्यांचे पोट भरले. मग डबीवर सांगितल्याप्रमाणे वाळवावेत किंवा बदलावेत. स्वयंपाकाच्या तव्यावर भाजू नयेत. लेकरांच्या हाती लागू देऊ नयेत. यंत्र तांदळात पुरायचे खूळही सोडा, तांदळाची पूड भोकांत जाते.

सेल डबीबाहेरच ठेवावा. बटणासारख्या या सेलमध्ये जस्त असते. ते हवेतला प्राणवायू घेऊन वीज करते. म्हणून त्याला फार ओल सोसत नाही आणि फार कोरडेही सोसत नाही. वाचता येत नसले तरी पट्टीच्या रंगावरून सेल ओळखता येतो. निळी पट्टी ६७५ नंबरची, नारिंगी १३ ची, तपकिरी ३१२ ची, पिवळी १० ची. पट्टी काढल्यावर दोन-तीन मिनिटे हवा लागू द्यावी, मग सेल बसवावा. चार्जिंगचे यंत्र असेल तर त्याचा सेल उकरू नका.

यंत्र पाण्यात पडले तर लगेच बंद करा. सेल काढून टाका. पुसा, झटका, डबीत ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला दाखवा. चुलीजवळ, उन्हात किंवा केस वाळवायच्या यंत्राखाली धरू नका. उष्णतेने आतले भाग बिघडतात.

केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना १९८१ पासून आहे. तिच्यात कमी उत्पन्नाच्या माणसाला यंत्र मिळते. पण बिघडले म्हणून लगेच दुसरे मिळत नाही. शाळेतल्या पोराचे यंत्र बंद पडले तर मास्तरला ते पोर मठ्ठ वाटते. म्हणून पावसाळ्यात सकाळी पोराला शाळेत धाडण्याआधी आईने दप्तर बघते तसे यंत्रही बघावे. पाठीमागे उभे राहून हळू हाक मारावी. पोर वळले नाही, तर आधी सेल बघावा, मग नळी.