बीजप्रक्रिया : औषध दाण्यादाण्यापर्यंत

(खरीप हंगामपूर्व मेळाव्यातील भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर आहे. कृषिशास्त्रावर अधिकारवाणीने बोलावे, एवढी माझी योग्यता नाही. परंतु बीजप्रक्रियेचा प्रचार करताना एक गोष्ट ध्यानात आली, ती आपणांसमोर मांडतो. शेतकरी औषध विकत घेतो, ते बियाण्यास लावतोही. मात्र ते प्रत्येक दाण्याला लागले की नाही, हे सहसा कोणी पाहत नाही.

साधा हिशेब करू. सोयाबीनचे एकरी बियाणे ३० किलो. किलोमागे ३ ग्रॅम थायरम धरले, तर औषध अवघे ९० ग्रॅम, आणि दाणे अडीच-तीन लाख! गोणपाटावर बियाणे पसरून वरून भुकटी टाकली, की काही दाण्यांवर पुटे चढतात आणि काही कोरेच राहतात. कोऱ्या दाण्यास जमिनीतील बुरशी गाठते, शेतात नांगे पडतात आणि दोष मात्र औषधास लागतो.

यासाठीच फिरता ड्रम. आसावर तिरपा बसविलेला हा पिंप फिरविला, की दाणे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे घरंगळत राहतात. तो गळ्यापर्यंत भरू नये. दाण्यांना उलथण्यास जागा हवी. वेगानेही फिरवू नये, कारण मग दाणे भिंतीस चिकटून पिंपाबरोबर नुसतेच फिरतात. त्यातून सोयाबीनची साल फार पातळ. आदळआपट झाली वा पाणी जास्त झाले, तर औषधापेक्षा अपायच अधिक.

बियाणे कंपन्यांकडील रोटरी कोटर यंत्रात हाच वेग उपयोगी पडतो. तेथे भिंत स्थिर असते, तळाची तबकडी फिरते. दाणे भिंतीवर चढतात व वळून पुन्हा आत येतात. मध्यभागी फिरणाऱ्या लहान चकतीवरून औषधी द्रावणाचे बारीक तुषार त्यांवर उडतात. द्रावणासोबत चिकट पदार्थ आणि चुनखडी वा मातीची वस्त्रगाळ भुकटी आलटून पालटून दिली, की दाण्याची गोळी बनते. कांदा, गाजर, तंबाखू यांसारख्या बारीक बियांना ही युक्ती मोलाची आहे. तंबाखूच्या एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक बिया मावतात; त्या एकेक करून पेरणे गोळीवाचून कठीणच. मात्र गोळी विरघळण्यास ओल लागते. अपुऱ्या ओलीत ती पेरणे म्हणजे बी कोंडून ठेवणे होय.

गावपातळीवर क्रम चुकू देऊ नये. बुरशीनाशक आधी, कीटकनाशक लावायचे असल्यास त्यानंतर आणि रायझोबियम सर्वांत शेवटी. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम. नंतर बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. उन्हात टाकले तर जिवाणू मरतात.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. पेरून उरलेले प्रक्रिया केलेले बियाणे दळणात किंवा गुरांच्या आंबोणात जाता कामा नये. धुतल्याने विष जाते, हा भ्रम आहे. पिशवीवर तशी सूचना असते. पण ती वाचून दाखविणारा घरात अनेकदा शाळकरी मुलगाच असतो. म्हणून शिक्षकांना विनंती, की ही सूचना शाळेत एकदा फळ्यावर लिहावी.

सरपंचांनी ग्रामपंचायतीचा ड्रम मृगापूर्वीच उघडून पाहावा. झाकण घट्ट बसते काय, आस गंजला आहे काय आणि मुख्य म्हणजे एरवी त्यात कोणी धान्य तर साठवीत नाही ना, याची खात्री करून घ्यावी.