मुद्रितशोधकाच्या हाताशी काय असावे?

(लेखन व मुद्रितशोधन प्रशिक्षणवर्गातील भाषण)



पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द ही दोन जुनी गावे आहेत. जमिनीविषयीच्या एखाद्या जाहीर सूचनेतून 'खुर्द' एवढा एक शब्द गळला, तर ती सूचना कोणत्या वडगावची हे वाचणाऱ्यास उमगणार नाही. हरकतीची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून मुद्रिते तपासणे म्हणजे केवळ ऱ्हस्व-दीर्घ सुधारणे नव्हे. त्यात नागरिकांचे हित गुंतलेले असते.

हे काम स्मरणशक्तीच्या भरवशावर होत नाही. शंका येण्यात कमीपणा नाही. कोणत्या शंकेसाठी कोणता ग्रंथ उघडावा, हे ठाऊक असणे महत्त्वाचे.

पहिली शंका लेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनमान्य झाले. १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. हे १८ नियम टेबलावर असावेत. 'भूमी' हा शब्द सुटा लिहिताना दीर्घ, परंतु 'भूमिहीन' या समासात ऱ्हस्व. 'कृषी' दीर्घ, परंतु 'कृषिमंत्री' ऱ्हस्व, हे त्यांवरून उलगडते. मो. रा. वाळंबे यांचे 'मराठी शुद्धलेखन प्रदीप' आणि अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' ही पुस्तके नित्याच्या उपयोगाची आहेत.

दुसरी शंका अर्थाची. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ साली निघाला व १८५७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. हे दोन्ही कोश आता संगणकावरही पाहता येतात. मात्र एक सावधगिरी बाळगावी : हे कोश १९६२ पूर्वीचे आहेत. त्यांतून अर्थ घ्यावा, लेखनाचा निर्णय त्यांवर सोपवू नये.

तिसरी शंका कार्यालयीन संज्ञांची. त्यासाठी भाषा संचालनालयाचे 'पदनाम कोश' आणि 'शासन व्यवहार कोश' आहेत. एकाच परिपत्रकात एकाच अधिकाऱ्याची दोन पदनामे आली, तर वाचकास ती दोन माणसे वाटतात. अक्षरांच्या वळणांसाठी देवनागरी लिपीविषयीचे २००९ व २०२२ सालचे शासननिर्णय पाहावेत.

चौथी शंका वस्तुस्थितीची. सर्वसाधारण माहितीसाठी मराठी विश्वकोश, गावांच्या नावांसाठी जिल्हा गॅझेटियर व जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका उपयोगी पडतात. तारीख व वार जुळतात की नाही हे पाहण्यास भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. रक्कम अंकी व अक्षरी ताडून पाहावी.

व्यक्तीच्या नावाला मात्र कोणताही कोश लागू पडत नाही. अभिलेखात 'पाटिल' असे असेल, तर नियमावर बोट ठेवून ते 'पाटील' करू नये. अशा ठिकाणी मूळ कागद हाच एकमेव संदर्भग्रंथ. शंका राहिली, तर समासात प्रश्नचिन्ह करून मजकूर संबंधितांकडे परत पाठवावा.

प्रत्येक शाळेत आणि ग्रामपंचायतीत या ग्रंथांसाठी एक फळी राखून ठेवावी, अशी माझी आपणांस विनंती आहे. सूचनाफलकावर कागद लावण्यापूर्वी त्या फळीकडे एकदा हात जावा. ज्याची जमीन, ज्याचे नाव त्या कागदावर आहे, त्याचा तेवढा अधिकार निश्चितच आहे.